जुन्या रेसिंग मोटारसायकलचे मूळ रूप परत आणताना

जुनी रेसिंग मोटारसायकल ताब्यात आली की बहुधा सर्वांत आधी तिची टाकी उतरते आणि पेंटरकडे जाते. पेंटर जुना रंग खरवडतो, लांबी भरतो, वर चकचकीत रंग मारतो आणि गाडी डोळ्यांत भरू लागते. पण ती शर्यतीत धावली तेव्हा कोणत्या रंगाची होती, तिच्यावर कोणता क्रमांक होता, ती कधी आणि कोणत्या बाजूवर पडली होती, हे सांगणारा सगळा पुरावा त्या खरवडीबरोबर उकिरड्यावर गेलेला असतो. टाकी उतरवण्याआधी काय पाहावे, काय ठरवावे आणि कुठे थांबावे, हे या लेखात सांगायचे आहे.

विदर्भाच्या खेड्यांत अशा गाड्या अजूनही निघतात. घरातल्या एखाद्या काकांनी किंवा आजोबांनी शिक्षणाच्या अथवा नोकरीच्या निमित्ताने बाहेर असताना हौसेने शर्यतीची गाडी केलेली असते, पुढे ती गावी येते, काही वर्षे वावरात जाण्यायेण्यासाठी वापरली जाते आणि मग कोठ्यात म्हणजे जनावरांच्या गोठ्यात, कुटाराच्या ढिगाआड किंवा टिनाच्या शेडमध्ये उभी राहते. तिचे काय करावे हा प्रश्न पुढच्या पिढीला पडतो, तेव्हा जवळचा मिस्त्री, जवळचा पेंटर आणि मोबाइलवर पाहिलेली चकाकणारी छायाचित्रे एवढाच आधार असतो.

कोणत्या दिवसाचे मूळ रूप?

रस्त्यावरच्या साध्या गाडीचे मूळ रूप ठरवणे सोपे असते, कारण ती कारखान्यातून जशी बाहेर पडली तेच तिचे मूळ रूप. रेसिंग गाडीचे तसे नसते. ज्यांनी तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहिला आहे त्यांना हे चटकन कळेल. पटात धावणारी छकडी हलकी व्हावी म्हणून सुताराने जे जे टाळले किंवा काढले, ते मालाच्या बंडीप्रमाणे पुन्हा जोडले, तर लाकूड तेच राहील पण ती पटातली छकडी राहणार नाही. मोटारसायकलच्या बाबतीतही दिवे काढणे, मडगार्ड कापणे, मागची सीट आणि स्टँड उतरवणे, हँडल खाली घेणे, पाय ठेवण्याचे रॉड मागे सरकवणे, हे सगळे शर्यतीच्या तयारीचा भाग होते. या गोष्टींना बिघाड समजून त्या दुरुस्त केल्या, की गाडीचा इतिहासच दुरुस्त होऊन जातो.

रेसिंग गाड्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. नॉर्टनची मँक्स किंवा १९४८ मध्ये आलेली एजेएसची ३५० सीसीची ७आर यांसारख्या काही गाड्या कारखान्यानेच शर्यतीसाठी बांधल्या होत्या. त्यांच्यावर दिवे कधी नव्हतेच, आणि त्यांचा रंग, टाकीचा आकार, इंजिनाच्या केसिंगचा धातू या सगळ्यांची माहिती आज उपलब्ध आहे. ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झालेला व्हिंटेज मोटर सायकल क्लब बीएसए, ट्रायम्फ अशा कारखान्यांच्या जुन्या नोंदवह्या सांभाळतो, आणि इंजिनाच्या व चासीच्या क्रमांकावरून गाडी कधी आणि कुठे पाठवली गेली हे त्या नोंदींतून कळू शकते. ब्रिटिश गाडी असेल तर कोणताही खर्च करण्याआधी ही चौकशी करून घ्यावी.

भारतात सापडणाऱ्या बहुतेक रेसिंग गाड्या मात्र दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीतून घडवलेल्या असतात. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट, १९६१ पासून म्हैसूरला तयार होऊ लागलेली जावा, १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या तंत्रज्ञानावर आणलेली राजदूत ३५०, या गाड्या मुळात घरगुती वापराच्या. मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत असत, आणि त्या काळी शर्यतीची गाडी म्हणजे बहुधा स्थानिक गॅरेजमध्ये, स्थानिक मिस्त्रीच्या अकलेने तयार केलेली गाडी असे. अशा गाडीसाठी छापील माहितीपत्रक मिळत नाही. तिचे माहितीपत्रक तिच्याच अंगावर लिहिलेले असते.

म्हणून कामाच्या आरंभीच एक तारीख ठरवावी लागते: कारखान्यातून निघाली तो दिवस, की शर्यतीत उतरली तो हंगाम? माझे मत असे, की गाडी शर्यतीत धावल्याचा पुरावा हाती असेल तर तिला शर्यतीतल्याच रूपात ठेवावे, मग ते रूप कितीही ओबडधोबड असो. पुरावा नसेल तर तिला कारखान्याच्या रूपात न्यावे. केवळ शोभेसाठी साध्या गाडीला खाली घेतलेले हँडल आणि क्रमांकाची पाटी लावून रेसिंगचा वेश चढवणे मला अप्रामाणिक वाटते. शिवाय अशा गाड्यांमुळे खऱ्या गाड्यांवरचा विश्वासही उडतो.

पुरावा वाचणे

गाडी धुण्याआधी पुरावा वाचावा. सर्व्हिसिंगच्या जोरदार पाण्याच्या फवाऱ्याखाली तर ती मुळीच धरू नये, कारण तो फवारा सुटत आलेला रंग, टाकीवरचे जुने ट्रान्सफर (चिकटवलेली छापील चिन्हे) आणि मडगार्डाच्या आतल्या बाजूची वाळलेली माती एकाच वेळी उडवतो आणि बेअरिंगमध्ये पाणी घालतो. कोरडा ब्रश, मऊ कापड आणि तेलकट जागी थोडे रॉकेल एवढ्यावर आरंभीचे काम भागते.

सर्वांत बोलका पुरावा बोल्टांच्या माथ्यावर असतो. शर्यतीत ऑइलचा ड्रेन बोल्ट किंवा चाकाचा नट सैल होऊन गळू नये म्हणून त्याच्या डोक्याला बारीक आरपार छिद्र पाडून त्यातून तार ओवतात आणि पीळ देऊन बांधतात. रस्त्यावरच्या गाडीला असे छिद्र कोणी पाडत नाही. त्यामुळे ड्रेन बोल्ट, फिलर कॅप, ॲक्सलचा नट यांवर दीड-दोन मिलिमीटरची स्वच्छ छिद्रे दिसली, तर ती गाडी कोणी तरी गंभीरपणे शर्यतीसाठी तयार केली होती असे समजावे. असे बोल्ट जुने आणि कुरूप दिसतात म्हणून बदलले जातात. ते बदलू नयेत.

त्यानंतर चासीवर बोट फिरवत जावे. दिव्याचा ब्रॅकेट करवतीने कापला असेल तर तिथे कानशीच्या खुणा असतात. पाय ठेवण्याचे रॉड मागे नेले असतील तर नवा वेल्ड असतो आणि जुन्या जागी भोक असते. फुटरेस्टचे टोक आणि सायलेन्सरची खालची कड एकाच बाजूने घासलेली असेल, तर गाडी त्या बाजूच्या वळणांवर जमिनीला टेकेपर्यंत झुकत होती असा अंदाज बांधता येतो. या खुणा भरून, घासून, रंगवून सपाट करू नयेत.

क्रमांकाच्या पाटीचा रंगही पुरावा ठरतो. आंतरराष्ट्रीय शर्यतींत इंजिनाच्या गटानुसार पाटीचे रंग ठरलेले होते: ५०० सीसीला पिवळ्या पाटीवर काळा अंक, ३५० सीसीला निळ्या पाटीवर पांढरा, २५० सीसीला हिरव्यावर पांढरा आणि १२५ सीसीला काळ्यावर पांढरा. स्थानिक शर्यतींत हे नेमाने पाळले गेले असेलच असे नाही, म्हणून पाटीवर जो रंग सापडेल तो खरा मानावा आणि नियमाचा उपयोग फक्त अर्थ लावण्यापुरता करावा.

घरातली जुनी छायाचित्रे अमूल्य असतात, पण कृष्णधवल छायाचित्रावरून रंग ठरवताना सावध राहावे. जुन्या काळी वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. त्या फिल्मवर मरून रंगाची टाकी काळी दिसते आणि निळा रंग प्रत्यक्षापेक्षा फिकट दिसतो. छायाचित्रावरून आकार, पट्ट्यांची जागा, क्रमांक, टायरची नक्षी या गोष्टी घ्याव्यात. रंग गाडीच्या अंगावरून घ्यावा.

इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक कागदावर उतरवून, छायाचित्र काढून, आरसी पुस्तकाशी ताडून पाहावा. हे क्रमांक घासणे, त्यांवर जाड रंग चढवणे किंवा पुसट झाले म्हणून पुन्हा ठोकणे ही कामे कधीही करू नयेत, कारण त्यातून गाडीची ओळखही जाते आणि कायद्याची अडचणही उभी राहते.

कोठ्यात गेलेली वर्षे

विदर्भात उभ्या राहिलेल्या गाडीला समुद्रकाठच्या गाडीसारखा खारा गंज लागत नाही, पण इथली हवा, माती आणि साठवणुकीच्या जागा यांचे स्वतःचे परिणाम असतात. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. त्यामुळे थेट मातीवर उभ्या गाडीचे रिम, स्टँड आणि चासीच्या खालच्या नळ्या सडतात, आणि वरचा भाग मात्र आश्चर्य वाटावे इतका चांगला राहतो. टिनाच्या शेडमधल्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन तडकते. मातीचे घर बांधणाऱ्या माश्या कार्बोरेटरचे तोंड आणि सायलेन्सरचे भोक मातीने बुजवतात, आणि उंदीर वायरिंग कुरतडतात.

कोठ्यात उभ्या गाडीची सर्वांत फसवी हानी मात्र पितळेत होते, आणि ती समजावून सांगण्यासारखी आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली जात आणि कोणी हातही न लावता ती तडकत. याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. जनावरांच्या मुताचा अमोनिया आणि दमट हवा यांमुळे, ज्या पितळेत घडवताना ताण उरलेला असतो, ते पितळ कणांच्या सीमेवरून भेगाळते. आपल्या कोठ्यात गायी-म्हशी असतात एवढाच फरक. मोटारसायकलमध्ये स्पोकच्या निपल (स्पोक रिमला आवळणारे छोटे नट), पेट्रोलचा कॉक, कार्बोरेटरचा फ्लोट आणि जेट हे भाग सहसा पितळेचे असतात. वरून निकेलचा मुलामा असलेली निपल धडधाकट दिसते आणि चाक वेगात असताना फुटते. युरियाची पोती गाडीजवळ ठेवली गेली असतील तर हाच धोका वाढतो, कारण ओलसर हवेत युरियाचे हळूहळू विघटन होऊन अमोनिया सुटतो. म्हणून कोठ्यात वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी चालवायची असेल तर सर्व निपल बदलाव्यात आणि जुन्या निपल पिशवीत भरून, चिठ्ठी लावून ठेवाव्यात.

खोलण्याच्या कामाबद्दल थोडेच सांगतो. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे, प्रत्येक भागाची वेगळी पिशवी करावी, पिशवीवर तो भाग कुठून काढला ते लिहावे आणि काहीही फेकू नये. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या फिवाच्या ट्युरिन सनदेतही हाच विचार आहे: गाडीचा मूळ भाग शक्य तितका जपावा, नवे काही करावे लागले तर ते ओळखता आणि शक्यतो उलटवता यावे, आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी.

गंज काढताना

गंजलेला भाग ॲसिडमध्ये बुडवणे हा गॅरेजमधला प्रचलित उपाय आहे आणि काही भागांसाठी तो घातक आहे. ॲसिड लोखंडाशी क्रिया करते तेव्हा हायड्रोजन तयार होतो, आणि कडक केलेल्या पोलादात तो शिरला की ते पोलाद ठिसूळ होते. मडगार्डाच्या पत्र्याला याचा फारसा त्रास होत नाही, पण स्प्रिंग, जास्त ताकदीचे बोल्ट आणि ॲक्सल असे भाग ॲसिडमधून काढल्यावर नव्यासारखे दिसतात आणि पुढे कधी तरी भार येताच काडकन तुटतात. मुलामा चढवण्याच्या प्रक्रियेतही हाच धोका असतो. म्हणून अशा भागांवर मुलामा चढवल्यानंतर काही तासांच्या आत ते सुमारे १९० ते २२० अंश सेल्सिअस तापमानाला कित्येक तास भाजावे लागतात. मुलाम्याचे काम करणाऱ्याला हा प्रश्न आधी विचारावा, आणि त्याच्याकडे भट्टीची सोय नसेल तर तो भाग त्याला देऊ नये.

साध्या पत्र्याच्या आणि लोखंडी भागांसाठी साखर कारखान्यातली मळी (मोलॅसिस) हा सौम्य आणि स्वस्त उपाय आहे. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी यांच्या मिश्रणात भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवला की गंज सुटतो आणि चांगले लोखंड जवळजवळ तसेच राहते. ॲल्युमिनिअम किंवा जस्तमिश्रित धातूचे भाग, म्हणजे केसिंग आणि कार्बोरेटर, मळीत कधीही टाकू नयेत. त्यांना ती खाते.

ॲल्युमिनिअमच्या केसिंगबद्दल मी आग्रहाने सांगेन, की त्यांना आरशासारखे बफिंग करू नये. रेसिंग इंजिनाची केसिंग बहुधा ओतीव धातूच्या मूळ खरबरीत, करड्या पृष्ठाचीच असत. शर्यतीसाठी गाडी तयार करणारा माणूस इंजिनाच्या आतल्या पोर्टला पॉलिश करी. बाहेरून चमकवण्यात त्याला रस नसे. बफिंगमध्ये कडा गोल होतात, ठोकलेली अक्षरे पुसट होतात आणि ते पृष्ठ पुन्हा कधी मिळत नाही. वाळूचा मारा करून साफ करणे तर त्याहून वाईट, कारण वाळूचे कण तेलाच्या बारीक मार्गांत अडकून राहतात आणि इंजिन चालू झाल्यावर बेअरिंग खातात. एक इशारा फक्त परदेशी रेसिंग गाड्यांसाठी: ७आर आणि मँक्ससारख्या इंजिनांत मॅग्नेशिअमची केसिंग आढळतात. त्यांचा ग्राइंडरवर उडणारा भुसा पेट घेऊ शकतो आणि ती आग पाण्याने अधिकच भडकते.

इंजिन

मूळ रूपाचा लेख असला तरी इंजिनाविषयी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली गोष्ट एरंडेल तेलाची. जुन्या काळी रेसिंग इंजिनात एरंडीचे तेल आवडीने वापरत, कारण प्रचंड उष्णतेतही धातूवरचा त्याचा थर टिकून राहतो. हेच तेल इंजिनात वर्षानुवर्षे राहिले की गोंदासारखे घट्ट होते आणि पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सगळे जखडते. मिस्त्री सवयीने रॉकेल किंवा डिझेल ओततो, पण एरंडेल या तेलांत नीट मिसळत नाही. ते स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळते. म्हणून जखडलेल्या रेसिंग इंजिनात एरंडेलाचा वास किंवा पिवळट चिकट थर आढळला तर आधी स्पिरिटचा प्रयोग करावा, भरपूर वेळ द्यावा, आणि हातोडा अगदी शेवटपर्यंत लांब ठेवावा. त्याच कारणाने, जुने एरंडेल साफ केल्याशिवाय आजचे खनिज तेल त्या इंजिनात भरू नये.

दुसरी गोष्ट आट्यांची. जुन्या ब्रिटिश गाड्यांवरचे व्हिटवर्थ आटे ५५ अंशांच्या कोनाचे असतात आणि मेट्रिक आटे ६० अंशांचे. जवळच्या मापाचा मेट्रिक बोल्ट पान्याने रेटला तर तो दोन-तीन फेरे आत जातो आणि मग ॲल्युमिनिअमचे आटे चिरडतो. जावा आणि राजदूत ३५० या मेट्रिक गाड्या आहेत, बीएसए आणि नॉर्टन तशा नाहीत. न मिळणारा बोल्ट लेथवर करून घ्यावा. यासाठी विदर्भ चांगली जागा आहे, कारण जिनिंगची यंत्रे आणि विहिरींवरची ऑइल इंजिने दुरुस्त करता करता घडलेले टर्नर इथल्या तालुक्यांच्या गावांत अजून आहेत, आणि जुना नमुना समोर ठेवला तर ते तंतोतंत तसाच बोल्ट करून देतात. त्यांना फक्त एकच सांगावे लागते, की नवा भाग जुन्यापेक्षा सुबक करू नका.

आत बसणारे, बाहेरून न दिसणारे भाग आजच्या चांगल्या दर्जाचे घालण्यास माझी हरकत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे ऑइल सील कडक झाले तर तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन जळतो. तिथे जुने सील जपण्याचा हट्ट धरणे म्हणजे पूर्ण इंजिन गमावण्याची तयारी ठेवणे होय.

रंग

रंगाच्या बाबतीत पहिला निर्णय रंगवायचे की नाही हा असतो. मूळ रंग निम्म्याहून अधिक शिल्लक असेल तर मी रंगवू नये असेच म्हणेन. मऊ साबणाचे पाणी, मग सुके कापड आणि शेवटी साध्या मेणाचा पातळ थर एवढे पुरे होते. टाकीवर गुडघ्यांच्या घर्षणाने रंग उडाला असेल तर तो उडालेलाच राहू द्यावा. त्या जागी कोणी तरी अंग दुमडून बसले होते हे तिथे दिसते. नवा रंग कधीही देता येतो, उडवलेला मूळ रंग परत आणता येत नाही.

वरून दुसऱ्या रंगांचे थर चढलेले असतील तर मूळ रंग शोधावा लागतो. टाकीच्या खालच्या बाजूला, बिल्ल्याच्या मागे, सीटच्या क्लॅम्पखाली, टूलबॉक्सच्या झाकणाच्या आत, म्हणजे ऊन आणि पेंटर दोघांचेही हात न पोचलेल्या जागी, तो बहुधा टिकून असतो. नाण्याएवढ्या जागेवर बारीक पाणीपेपर ओला करून गोल फिरवत हळूहळू घासले, की प्रत्येक थराचे कडे उघडे पडते. सर्वांत आतला प्रायमर, त्यावर कारखान्याचा रंग, त्यावर कदाचित शर्यतीचा, आणि मग पुढच्या मालकांचे. ही कडी कोणत्या क्रमाने येतात त्यावरून गाडीचा इतिहास वाचता येतो. क्रमांकाच्या गोलाचा पुसट कंस वरच्या थरांखाली असा अचानक उघडा पडला, तर त्या क्षणी काम थांबवून छायाचित्र काढावे. हे घासणे नेहमी ओलेच करावे, तोंडावर मास्क असावा आणि लहान मुले दूर असावीत, कारण जुन्या रंगांत शिसे असते.

रंगाची छटा जुळवणे आता यंत्रामुळे सोपे झाले आहे. खरा फरक रंगाच्या जातीमुळे पडतो. जुन्या गाड्यांवर भट्टीत भाजलेला स्टोव्ह एनॅमल किंवा नायट्रोसेल्युलोज लॅकर असे. कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन आडजागी टेकवला आणि रंग लगेच विरघळून बोळ्याला लागला, तर तो लॅकर. भाजलेला एनॅमल सहजी विरघळत नाही. आजचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग टिकाऊ असतो, पण त्याची जाड, ओलसर भासणारी चमक जुन्या गाडीवर उपरी दिसते. तो वापरलाच तर चमक कमी करून घ्यावी, आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते हे पेंटरला स्पष्ट सांगावे. साध्या रुमालाने किंवा कापडी मास्कने त्यापासून संरक्षण होत नाही, आणि त्याने जडलेला दमा आयुष्यभर पिच्छा पुरवतो.

विदर्भात रंगकामाचा काळही निवडावा लागतो. पावसाळ्यात लॅकर मारला तर थिनर उडताना पृष्ठ थंड होते, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढुरका धूर आल्यासारखा दिसतो. एप्रिल-मेच्या उन्हात उलट घडते: रंगाचे थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच अर्धे वाळतात आणि पृष्ठ खरबरीत होते. सोयाबीनची मळणी चालू असताना हवेत इतकी धूळ असते, की शेडची जमीन ओली करूनही ती आवरत नाही. मळणी आटोपल्यापासून होळीपर्यंतचे दिवस या कामाला सर्वांत चांगले.

टाकीवरच्या रेघा आणि क्रमांक स्टिकरने लावू नयेत. मूळ रेघा हाताने, ब्रशने ओढलेल्या असत, आणि त्यांची जाडी वळणावर किंचित बदलते. दुकानांच्या पाट्या आणि वाहनांचे क्रमांक हाताने रंगवणारे पेंटर आपल्या भागात अजून आहेत, जरी फ्लेक्समुळे त्यांचे काम फार कमी झाले आहे. जुन्या छायाचित्राची मोठी प्रत त्यांच्यासमोर ठेवून, तेवढ्याच उंचीचे आणि तशाच वळणाचे अंक त्यांच्याकडून काढून घ्यावेत. त्या अंकांत हाताची थरथर असेल, तर जुन्या अंकांतही ती होतीच.

क्रोमबद्दल एवढेच, की जिथे क्रोम होते तिथेच ते करावे. अनेक ब्रिटिश गाड्यांचे नट-बोल्ट कॅडमिअमच्या मंद करड्या मुलाम्याचे असत. कॅडमिअम विषारी असल्याने आता त्याऐवजी जस्ताचा मुलामा देऊन चमक कमी करून घेतात, आणि दिसायला तो पुरेसा जवळ जातो. त्या जागी चकाकणारे क्रोमचे नट लावलेली गाडी जाणत्या माणसाला दुरूनच नवी केलेली दिसते.

सुरक्षितता आणि कागदपत्रे

मूळ टायर कितीही सुंदर असला तरी त्यावर गाडी चालवू नये. तो रिमवरून उतरवून सांभाळावा आणि त्याच मापाचा, शक्य तर तशाच नक्षीचा नवा टायर बसवावा. अलीकडच्या टायरवरचा चार अंकी आकडा आठवडा आणि वर्ष सांगतो. दुकानात पडून जुना झालेला टायर नवा म्हणून घेऊ नये. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या कापडाने टिपून घ्यावी. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि कॉर्क यांना खराब करते, हवेतले पाणी ओढून लोखंडी टाकी गंजवते, आणि साठच्या दशकातल्या रेसिंग गाड्यांवर असणारी फायबरग्लासची टाकी तर आतून मऊ करते. अशी टाकी असेल तर ती केवळ प्रदर्शनापुरती लावावी आणि इंजिन चालवताना वेगळी टाकी जोडावी.

नोंदणीच्या बाबतीत, जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे, प्रमाणपत्र १० वर्षे चालते, नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात, आणि आधीपासून नोंदणी असलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच ती चालवता येते. या हिशेबाने १९६०च्या दशकातली जावा पात्र ठरते आणि राजदूत ३५० ला अजून काही वर्षे थांबावे लागेल.

या नियमात रेसिंग गाडीच्या मालकाने लक्षपूर्वक वाचावी अशी एक अट आहे: वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी शर्यतीसाठी कापलेला ब्रॅकेट आणि काल गॅरेजमध्ये कापलेला ब्रॅकेट यांतला फरक तपासणाऱ्या अधिकाऱ्याला आपोआप कळणार नाही. तो त्याला दाखवून द्यावा लागतो, आणि त्यासाठी खोलण्याआधीची छायाचित्रे, घरातली जुनी छायाचित्रे, तार ओवण्याच्या छिद्रांचे बोल्ट, रंगाच्या थरांचे नमुने आणि कोणता भाग केव्हा, कोणाकडून बदलला याची तारीखवार वही हे सगळे आरसी पुस्तकासोबत एकाच पिशवीत ठेवून अर्जाच्या दिवशी बरोबर न्यावे.